खिशातला ज्येष्ठमध

आमचे हे पंचवटीच्या बाजारात पालेभाज्यांचा लिलाव पुकारतात. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, मधे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग, आणि त्या ढिगांमधून फिरत हे गळा फाडून भाव चढवत असतात. घरी आल्यावरही हळू बोलणं त्यांना जमत नाही. जेवताना मीठ मागितलं तरी ते शेजाऱ्यांना कळतं.

असा गळा सांभाळायला काहीतरी हवंच. बाजारात कुणीतरी ज्येष्ठमध सुचवला आणि तो यांना असा लागू पडला की विचारू नका. आधी नुसत्या काड्या चघळायचे. मग दुकानातून चूर्णाचा डबा आला. सकाळ, दुपार, संध्याकाळ मधातून चमचाभर, आणि वर शर्टाच्या खिशात काड्यांचे तुकडे होतेच. डब्यावर वैद्यांचा सल्ला घ्यावा असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. पण ज्येष्ठमधासाठी वैद्याकडे कोण जातं? आमच्याकडे तो डबा हळदीशेजारी असायचा.

पुढे यांचं बीपी वाढलं. गोळी सुरू झाली, तरी उतरेना. गोळी वाढवली, तरी तेच. मी लोणचं बंद केलं, पापड बंद केले, भाजीत मीठ नावाला ठेवलं. हे मुकाट्याने जेवायचे, आणि मला वाटायचं, नक्की बाहेर वडे खात असणार. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं.

मग पावलांवर सूज दिसायला लागली. एका संध्याकाळी लिलाव चालू असताना हे क्रेटवर बसले ते त्यांना उठताच येईना. दोन हमालांनी धरून रिक्षात घातलं आणि घरी आणलं. "पायात जीवच नाय राहिला," एवढंच म्हणाले, तेही हळू आवाजात. माझ्या थोरल्या दिरांची किडनी गेली, तेव्हा सुरुवात अशीच सुजेने झाली होती. त्यांचं डायलिसिस मी जवळून पाहिलं होतं. मला दुसरं काही सुचेना. घर इतकं शांत कधी झालं नव्हतं, आणि मला त्या शांततेची भीती वाटत होती.

आमच्या डॉक्टरांनी लगेच एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. रक्त तपासलं, ईसीजीची पट्टी काढली. बाईंनी विचारलं, "औषधं कोणकोणती चालू आहेत?"

"बीपीची गोळी. बाकी काय नाय," हे म्हणाले. मीही मान डोलावली. आम्ही खोटं बोलत नव्हतो.

बाई रिपोर्ट वाचायला लागल्या तसा यांनी सवयीने खिशात हात घातला आणि तुकडा तोंडात टाकला.

"काय खाल्लंत?"

"काय नाय, ज्येष्ठमध हाय. घशाला."

"रोज खाता?"

"दिवाळीच्या आधीपासून," मी म्हणाले, "आणि चूर्णही घेतात, तीन वेळा."

बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "किडनी चांगली आहे. पोटॅशियम फार कमी झालंय. ज्येष्ठमध असा भरपूर, महिनोन्‌महिने घेतला तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम घालवतो. बीपी चढतं, पाय गळतात. हृदयाचे ठोकेसुद्धा बिघडू शकतात."

"पण झाडपाल्याचंच हाय ना ते?"

"ज्याचा गुण येतो, त्याचा अवगुणही येऊ शकतो, काका. बीपी, किडनी, हृदयाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घ्यायचाच नाही. दिवस गेलेल्या बाईनेही नाही. आणि औषधं विचारली की चूर्ण, काढा, सगळं सांगायचं. आता हा बंद. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका."

मी विचारलं, "किडनी नक्की चांगली आहे ना?" बाई हो म्हणाल्या. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या हसल्या आणि मला तिथेच रडू फुटलं. इतकं हलकं मला लग्न झाल्यापासून वाटलं नसेल. बिचारं लोणचं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवून पोटॅशियम भरून काढलं. पुढच्या काही आठवड्यांत सूज उतरली, बीपी खाली आलं, गोळीही डॉक्टरांनीच कमी केली. घशासाठी आता कोमट पाणी आणि एक दिवसाआड लिलाव. तरी आवाज बसतोच. त्यावर हे कुरकुरतात, आणि मी कुरकुरू देते.

परवा लिलावाहून असाच आवाज बसवून आले. न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाक मारली, फाटक्या, चिरकलेल्या आवाजात. मला पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं. टॉवेल हातात घेऊन मी दाराबाहेर उभी राहिले आणि त्यांना आणखी एकदा हाक मारू दिली.