सुपडूच्या घरचा हिवाळा

मला कुठंही चार शब्द बोलायला उभं केलं की पहिला प्रश्न ठरलेला. हवालदारसाहेब, समोरून गोळी आली की कसं वाटतं? अरे बाबांनो, गोळीचं एवढं काय कौतुक आहे तुम्हाला? आज मी एका घराचं सांगणार आहे. भडगाव तालुक्यातलं, गिरणेच्या काठचं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर. ते घर हिवाळ्यासाठी तयार करताना माझ्या डोक्याला जो ताप झाला, तो सगळा सांगणार आहे. शत्रूनं मला छळलं नाही, इतकं एका म्हाताऱ्यानं छळलं.

१९४८ सालचा हिवाळा. आमची कंपनी काश्मीरमध्ये उंचावरच्या एका पिकेटवर, पहाऱ्याच्या ठाण्यावर होती. मी नाईक, सेक्शन माझं. लान्स नाईक सुपडू पाटील माझा टू-आय-सी, माझ्या खालोखालचा. मी दोंडाईच्याचा, तो भडगावकडचा. आम्ही दोघं अहिराणीत बोलायला लागलो की सेक्शनची बाकी पोरं पोट धरून हसायची. रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन सगळे मोर्च्यावर, मग रायफलची सफाई, बर्फ वितळवून पाणी, दिवसा गस्त, रात्री पाळीपाळीनं सेन्ट्रीचा पहारा. खालून खेचरांवर राशन यायचं. एकदा राशनबरोबर लाकडी कोळसा आला आणि एक शेगडी. आम्ही खूश झालो. तो कसा वापरायचा हे कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. शेगडीचं काय विचारायचं?

त्या रात्री मी पुढच्या पोस्टवर होतो. सुपडू आणि शिपाई बाबू मोरे सेन्ट्री संपवून बंकरमध्ये गेले. त्यांनी शेगडी पेटवली. कोळसा लाल झाला, धूर थांबला. धूर नाही म्हटल्यावर त्यांनी दाराला कंबल लावलं आणि फटींत पोती कोंबली. पहाटे स्टँड-टूला मी दोघांना उठवायला गेलो. दोघं उठले नाहीत.

मी वायरलेस सेटवर कंपनीला कळवलं.

"दोन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"एनिमी फायर? ओव्हर."

"नो फायर. ओव्हर."

पलीकडून आलं, "से अगेन." मी परत सांगितलं.

नंतर मेडिकल ऑफिसरनं समजावलं. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. मी सगळं ऐकून घेतलं, 'जी साब' म्हटलं आणि बाहेर येऊन दगडाला लाथ घातली. कोळसा एवढ्या उंचावर चढवला, त्याच्याबरोबर हे एक वाक्य चढवता आलं नाही कोणाला?

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मला वार्षिक रजा मिळाली. कंपनी कमांडरनं बोलावलं.

"सुपडूच्या घरी जाणार?"

"जी साब."

"जा. कसा गेला ते बोलू नकोस. ड्यूटीवर गेला. बस."

"जी साब."

दोंडाईच्याला आईला भेटलो. तिथून गाडीनं जळगाव, जळगावहून कजगाव, पुढं बैलगाडी. घरात चार माणसं होती. सुपडूचे वडील भिका आबा, त्याची दमेकरी आई, तिला सगळे माय म्हणत, बायको शेवंता वहिनी आणि दीड वर्षाची सोनी. पोरीला बापानं एकदाच पाहिलं होतं. पेन्शनचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले होते. शेत थोडं, कापूस त्याहून थोडा, आणि चांगली वेचणी व्यापाऱ्याकडे आधीच गेलेली. हिवाळा तोंडावर. मायचा दमा पहाटे असा उसळायचा की ती भिंत धरून बसायची. गावचे वैद्य वहिनींना म्हणून गेले होते की या थंडीत म्हातारीला ऊब मिळाली नाही तर काही खरं नाही. वहिनींनी मला ते पहिल्याच दिवशी हलक्या आवाजात सांगितलं. मी ठरवलं, रजा इथंच घालवायची आणि घर नीट करूनच जायचं.

पण आबा! पहिल्याच सकाळी त्यांनी मला हाताला धरून गावातल्या पारावर नेलं. ऊन खात दहाबारा माणसं बसली होती. आबांसाठी त्यांनी मधली जागा रिकामी केली.

"सांग रे भाऊ यास्ले," आबा म्हणाले. "मना आंडोर कसा लढना ते सांग."

पोरगा कसा लढला! "ड्यूटीवर गेला," मी म्हटलं. "चांगला शिपाई होता." लोकांना ते पुरेना. मग आबांनीच सांगितलं. सुपडू पुढं, शत्रू समोर, छातीवर गोळी. इतक्या वेळा सांगून झालं होतं की ऐकणाऱ्यांनाही पाठ होतं. मी पायाकडे बघत बसलो. आतून नुसता चरफडत होतो.

मग कामाला लागलो. धाब्याला पावसाळ्यात भेगा पडल्या होत्या आणि पहाटेचा वारा तिथून आत उतरायचा. नदीच्या बाजूची पांढरी माती फुकट होती. मी म्हटलं, वर नवा थर देऊ. आबा म्हणाले, "पावसाळा गया. आते माती कसाले?" दोन दिवस नुसता वाद. शेवटी मी एकटाच टोपल्या वाहायला लागलो, तेव्हा शेजारचे नावं ठेवतील म्हणून आबा आले आणि दिवसभर मला माती कशी चोपायची ते शिकवत राहिले. जसं काही ही त्यांचीच कल्पना!

गोधड्यांचं तर विचारूच नका. घरात कवडी कापूस उरला होता, किडका, पिवळट, व्यापाऱ्यानं परत केलेला. मी पिंजाऱ्याला बोलावलं. त्यानं ज्वारीच्या बोलीवर तो पिंजून दिला. वहिनींनी आबांची जुनी धोतरं जोडून खोळ शिवली आणि एक जाड, उबदार रजई तयार झाली. मी ती मायच्या अंगावर घातली. संध्याकाळी बघतो तर ती माझ्या खाटेवर! आमच्या खानदेशात चांगलं पांघरूण पाहुण्याचं. मी ती परत मायकडे नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याकडे. आठवडाभर ती रजई या खाटेवरून त्या खाटेवर फिरली. अखेर मी ओरडलो, "माय, मी बर्फात झोपून आलोय, मला काय धाड भरलीय?" तेव्हा कुठं ती हसली आणि रजई ठेवून घेतली. हसता हसता तिला पुन्हा खोकला आला.

खरी कटकट होती ती वेगळीच. बांधावरची एक बाभूळ पुरात पडली होती. आबांनी ती तोडून, खड्ड्यात जाळून, वर माती लोटून तिचा कोळसा केला होता. फुकटचा कोळसा, हिवाळाभर पुरेल एवढा. आबांना त्याचा मोठा अभिमान. मी कोळशाचं पोतं पाहिलं आणि आबांना तिथंच गाठलं.

"आबा, शेगडी ओट्यावर पेटवायची. आत न्यायची नाही."

"कसाले?"

"नाही न्यायची म्हणजे नाही."

हे काय उत्तर झालं? मलाच ते पटत नव्हतं, आबांना काय पटणार? मी म्हटलं, कोळसा बाधतो. ते म्हणाले, सोनार जन्मभर कोळशापाशी बसतो, त्याला कुठं बाधतो? मी म्हटलं, निदान वरचं धुराडं उघडं ठेवा. धाब्याच्या घराला मधोमध भोक असतं, चुलीचा धूर जायला. आबांनी वर बोट केलं.

"कोळसाले धूर शे का? मंग भोक कसाले? थंडी बठ्ठी तठूनच येस."

धूर नाही, तर भोक कशाला, सगळी थंडी तिथूनच येते! बंकरमध्ये सुपडूनं अगदी हाच हिशेब केला असणार. बाप तसा बेटा. खरं कारण ओठावर आलं होतं. पण साहेबांची ऑर्डर होती, आणि पारावरची ती मधली जागा डोळ्यासमोर होती. मी रोज संध्याकाळी शेगडीवर सेन्ट्रीसारखा पहारा करायला लागलो.

एक दिवस भडगावच्या बाजाराला गेलो. दाराला पडदा करायला जुनी पोती हवी होती. परत येताना दिवेलागण झाली. थंडी कडक पडली होती. गाडी गावाजवळ आली तशी मला घरांची धाबी दिसायला लागली. प्रत्येक धाब्यातून चुलीचा धूर वर चढत होता. आमच्या घरातून नाही. नीट पाहिलं. भोकावर फरशी ठेवून कडा ओल्या मातीनं लिंपल्या होत्या.

मी गाडीतून उडी मारली आणि पळत सुटलो. आबा ओट्यावर हात धूत होते. हाताला चिखल. "देख, कशी ऊब करी दिधी," असं काहीसं म्हणाले. दार आतून लावलं होतं. मी खांद्यानं धडक दिली. दुसऱ्या धडकेला कडी निघाली.

आत उकडत होतं. शेगडी लालभडक. वहिनी भिंतीशी कपाळ धरून बसल्या होत्या, ओकारी झालेली. माय आडवी. सोनी तिच्या कुशीत. मी पोरीला उचललं तर मान एका बाजूला पडली. तिला घेऊन अंगणात आलो, आबांच्या हातात दिली, पुन्हा आत गेलो. मायला ओढत आणलं. वहिनी रांगत स्वतःच आल्या. शेगडी लाथेनं अंगणात उडवली.

"थंडीमा बाहेर काढस? मारी टाकशी त्यास्ले!" आबा ओरडत होते.

मी सोनीचे गाल चोळले, पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही. तोंडावर गार पाणी मारलं. मग एकदम तिनं श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. आयुष्यात इतकं गोड रडणं मी ऐकलं नाही. मायनंही डोळे उघडले. मी तिथंच मातीत बसलो.

आणि आबा काय म्हणाले? "कोनी नजर लागनी व्हई." मीठ-मोहऱ्या उतरवायला निघाले. म्हणाले, जरा बरं वाटलं की दोघींना परत आत नेऊ आणि शेगडी लावू, म्हातारीला थंडी सोसणार नाही.

माझं डोकं फिरलं. माझी रजा चार दिवसांत संपणार होती. मी गेलो की फरशी पुन्हा बसणार. ऑर्डर गेली खड्ड्यात. इतके दिवस मी त्या घरात छापील मराठी बोलत होतो, ती सुटली.

"आबा, सुपडूले गोयी नही लागनी. असाच शेगडीनी त्याना जीव लिधा. बंद घरमा. मी सोता उठाडाले गयथू. तो उठना नही."

गोळी नव्हे, शेगडी; सांगून टाकलं. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मायनं काही ऐकलं की नाही, कळलं नाही. आबांनी मिठाची मूठ तशीच धरली होती. माझ्याकडे बघितलं, इतक्या रागानं की मला वाटलं, आता मारतात. मग शिडी लावली आणि वर चढले. फरशी फुटल्याचा आवाज आला. खाली उतरले आणि अंगणाच्या टोकाला जाऊन बसले. आम्ही त्या तिघींना उघड्या दाराशी रजईत गुंडाळून ठेवलं. मी स्वतःला शिव्या देत नव्हतो. मी त्या कोळशाबरोबर न आलेल्या एका वाक्याला शिव्या देत होतो.

सकाळी आबा म्हणाले, "चाल." आम्ही पारावर गेलो. लोकांनी मधली जागा रिकामी केली. आबा बसले नाहीत.

"मना सुपडूले गोयी नही लागनी," ते उभ्यानं म्हणाले. "मी खोटं सांगत व्हतू. बंद घरमा कोळसानी शेगडी पेटाडी, तठेच गया. काल मनी नात जाती व्हती. बठ्ठास्नी आपापला घरनं भोक उघडं ठेवा."

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे लढाईत नाही?" आबांनी ऐकलं. मान खाली घातली नाही. मला मात्र त्या माणसाची मुंडी मुरगळावी असं वाटलं. तेवढ्यात दोघंजण उठले आणि झपाझप घराकडे गेले. त्यांच्याही घरी शेगडी आत होती.

तुम्ही विचारता, सेक्शनचे किती पडले. त्या हिवाळ्यात दोन. लान्स नाईक सुपडू भिका पाटील आणि शिपाई बाबू मोरे. कसे पडले हे मी तेव्हापासून कोणापासून लपवत नाही. बाबूच्या घरीही नंतर जाऊन सांगितलं. तिथं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. ते माझ्या वाट्याला आलं, मी घेतलं.

रजा संपली त्या सकाळी आबा गाडीबरोबर गावाच्या वेशीपर्यंत चालत आले. पारावरून आल्यापासून माझ्याशी बोलले नव्हते. गाडीचा दांडा धरून थांबले.

"त्याले थंडी वाजनी व्हई का रे?"

"नाही आबा," मी म्हटलं. "त्या सबंध हिवाळ्यात तेवढी एकच रात्र त्याला थंडी वाजली नाही."