वरच्या सुराचं माप

ढाणकीत उकंडा टेलरकडे शर्ट शिवायला गेलेल्या माणसाला आधी भाषण ऐकावं लागे. विषय एकच, छाती. "साध्या माणसाची छाती अलग अन् गाणाऱ्याची अलग, बाप्पा," असं म्हणत तो टेप गळ्यात अडकवी. आपली छाती साधी आहे हे समोरच्याला न सांगताच कळे. लोक ऐकून घेत, कारण भिंतीवर त्यानं शिवलेल्या कपड्यांतल्या कव्वालांचे फोटो होते. लाल मखमली जाकिटातली शीलाबाई, आणि तिच्या वर, मोठ्या चौकटीत, जरीच्या शेरवानीतला धर्मपाल.

भीमजयंतीच्या कव्वालीला बसलेल्या माणसाला धर्मपाल कोण हे विचारावं लागत नसे. मूळचा पुसदचा, नागपूरला गेला, कॅसेटी निघाल्या. एकदा उमरखेडच्या स्टेजवर कुठल्याशा मोठ्या दुकानातून शिवलेल्या शेरवानीचं बटण ऐन वरच्या सुरात तुटलं आणि पेटीवाल्याच्या कपाळावर बसलं. तेव्हापासून त्याची शेरवानी उकंडाकडे. कारण उकंडा गायकाला गायला लावी. सूर वर गेला, छाती भरली, की त्या भरल्या छातीवर टेप लावी. त्याची शेरवानी घालून गायक बसला तर ऐटदार दिसे आणि ओरडला तर मोकळा.

एवढं करून उकंडाला हवं काय होतं? स्टेजवरून नाव. कव्वाल दोन कडव्यांच्या मध्ये सगळ्यांची नावं घेतात. बक्षीस देणाऱ्याचं, ढोलकीवाल्याचं, चहा पाठवणाऱ्याचं. शिंप्याचं कोणी घेत नाही. एका जयंतीला धर्मपालनं जनरेटरवाल्याचं नाव दोनदा घेतलं, तर उकंडा घरी येऊन जेवला नाही.

"तुम्ही बी एखादं जनरेटर घेऊन टाका," सत्यभामा म्हणाली. ही त्याची बायको. तिचं बोलणं सुईसारखं, आत गेल्यावर कळायचं.

मग कापसाचा भाव बसला. घरात चूल पेटली नाही तिथं जयंतीची वर्गणी कोण देतो? गावोगावचे कव्वालीचे मुकाबले बंद झाले, त्या जागी भाड्याचे भोंगे आणि जुन्या कॅसेटी आल्या. भोंग्याला शेरवानी लागत नाही. उकंडा शाळेच्या चड्ड्या शिवू लागला, तरी भाषण तेच. चौथीतलं पोरगं मान हलवून ऐके.

दोन हजार सहाला मात्र जयंती कमिटीच्या मारोतरावांनी हट्टानं धर्मपालला ढाणकीत बोलावलं. तो मापाला स्वतः दुकानात आला. सगळी गल्ली दारात उभी.

"यंदा तुमचं नाव घेतो, उकंडाभाऊ. तुमच्याच गावच्या स्टेजवरून," धर्मपाल म्हणाला.

सत्यभामेनं ते आतून ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत बसस्टँडलाही कळलं.

उकंडानं पडदा ओढला. "लावा वरचा सूर."

"राहू द्या ना. जुनं माप असन तुमच्यापाशी."

"रीत हाय आपली."

धर्मपालनं सूर लावला. तो अर्ध्यावर गेला आणि खोकल्यात बुडाला. टेप जिथं होती तिथंच राहिली. दोघांनी एकमेकांना आरशात पाहिलं.

"कार्यक्रमच नाही, तर गाऊ कुठं?" धर्मपाल हळूच म्हणाला. "भिंतीले ऐकवू?"

"झालं माप," उकंडा म्हणाला.

आणि त्यानं जुन्याच मापानं शेरवानी कापली. या छातीच्या मापाची शिवली तर अंगात घालताच माणसाला कळेल आपलं काय उरलं ते, असं त्याला वाटलं. शिवाय समोर गर्दी असली की भरेल छाती. कितीतरी वेळा भरताना त्यानं पाहिली होती. निळ्या मखमलीवर जरीकाम करताना तो गुणगुणत होता, हेही गल्लीनं ऐकलं.

जयंतीच्या रात्री सत्यभामा नवी साडी नेसून पहिल्या सतरंजीवर बसली. उकंडा मागं, खांबाला टेकून. धर्मपाल उजेडात आला. शेरवानी त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखी. गळपट्टी मानेपासून सुटलेली, खांदे दंडावर उतरलेले. वरचा सूर आला की साथीची पोरं तो उचलून घेत आणि धर्मपाल नुसता हात वर करी. लोकांना ते कळलं नाही. शेरवानी मात्र सगळ्यांना दिसली.

"कोणाची मांगून आणली बे?" मागून एकजण बोलला. हशा पिकला.

धर्मपाल थांबला. त्यानं दोन्ही बाजूंनी शेरवानी चिमटीत धरून पसरली आणि माइकजवळ तोंड नेलं. "ही आपल्या ढाणकीच्या उकंडा टेलरची मेहेरबानी. म्हातारा झाला बिचारा. माप विसरला."

मांडव फुटेस्तोवर लोक हसले. नाव असं खणखणीत घेतलं होतं की ढाणकीच्या वेशीपर्यंत गेलं असेल. सत्यभामेनं पदर डोक्यावर ओढला आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही.

सकाळी मारोतराव शेरवानी पिशवीत घालून घेऊन आले. "पुढचा कार्यक्रम हाय त्यांचा. छातीत आत घेऊन द्या, म्हणे."

ते गेल्यावर सत्यभामा दारात उभी राहिली. "माप घेताना दिसलं नव्हतं तुम्हाले?"

"दिसलं."

"मंग काहून शिवली अशी? अन् काल उठून सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? याची छाती गेली म्हणून?"

"त्यानं तुमचे हात गेले म्हणून सांगितलंच ना."

उकंडानं कात्री घेतली. शिलाई उसवली, दोन्ही बाजूंनी मखमल कापली आणि आरशातल्या त्या मापाची शेरवानी करून दिली. अंगाला अशी चपखल बसली असेल की आत श्वासालाही जागा नाही.

फोटो अजून भिंतीवर आहेत. भाषण बंद झालं. आता गिऱ्हाईक समोर आलं की उकंडा एवढंच म्हणतो, "सोड श्वास." सगळा सुटला की मग टेप आवळतो. ढाणकीतले शर्ट तेव्हापासून उभ्या माणसाला छान दिसतात. जेवायला बसलं की बटणं ताणतात.