झरीत २०३२ साल चालू होतं

कोकिळा आडे पुसदला आमच्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात आहेत. वय सेहेचाळीस, माहेर दिग्रसजवळच्या तांड्यावरचं, शिक्षण बी.ए. इतिहास. संगणकाचं जे काही येतं ते बिघडलेल्या संगणकांनी शिकवलेलं. मी याच संस्थेत गणित शिकवतो, त्यामुळे पुढचं सगळं जवळून पाहिलं. संस्थेत नऊ शाळा, एक कॉलेज आणि एक अध्यक्ष आहेत. अध्यक्ष बबनराव. शाळा कमी-जास्त होतात, बबनराव होत नाहीत.

बबनरावांनी कुठल्याशा सेमिनारात ऐकलं, की मोठ्या संस्थांचा स्वतःचा सर्व्हर असतो. "मंग आपण काहून भाड्यानं राह्यचं?" असं म्हणून त्यांनी मशिनी घेतल्या. पुसदच्या मशीनला हळदकुंकू लावून नारळ फोडला. थोडं पाणी आत गेलं तरी ती चालू झाली, म्हणून ती जागृत मानली जाते. दुसरी झरी जामणीच्या आश्रमशाळेत बसवली, कारण तिथं फायबरची लाइन पोचली होती आणि तिचं काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं.

या दोन मशिनींचं काम डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता सांगायचं. आमच्या संस्थेच्या नावानं कुणी मेल पाठवली, की पाठवणारा आधी यांना विचारतो, "ही कुठं उतरवू?" कुणी पुसदला विचारतो, कुणी झरीला, ज्याच्या नशिबी जे येईल ते. नोंद पुसदला बदलायची आणि झरीनं ती आपणहून उतरवून घ्यायची, असा दोघींचा संसार. तो कोकिळाबाई सांभाळत.

गेल्या वर्षी, २०२५च्या जुलैत, मेलची जुनी मशीन पंख्यासकट गेली. नवी आली, तिचा पत्ता नवा. बाईंनी पुसदच्या मशीनमधल्या नोंदींच्या वहीत मेलची नोंद बदलली, चहा घेतला आणि घरी गेल्या. त्यानंतर मेल येईनाशा झाल्या. सगळ्या नाही, निम्म्या. पूर्ण बंद पडलेलं लगेच कळतं. निम्मं बंद पडलेलं आमच्या संस्थेत चालू धरतात.

खरं सांगायचं तर शिक्षकवर्गाला तो महिना फार सुखाचा गेला. माहिती काहून पाठवली नाही? मेलच मिळाली नाही. मीटिंगला काहून आला नाहीत? मेलच मिळाली नाही. मी स्वतः हे चारदा म्हणालो, त्यातल्या दोनदा ते खरं होतं.

बोंब झाली ती बबनरावांच्या पुरस्काराची. नागपूरच्या कुठल्याशा मंडळाचं 'शिक्षणमहर्षी' व्हायचं त्यांचं ठरलं होतं, पत्र मेलनं येणार होतं. नवा कोट शिवून झाला, पत्र काही येईना. कोकिळाबाईंना आत बोलावणं आलं.

"मॅडम, आपली मेल खराब हाय काय?"

"हो साहेब, अर्धी."

"अर्धी कशी खराब राह्यते?" बबनरावांनी खाजगी खात्यावरून संस्थेच्या पत्त्यावर मेल टाकली. ती टिंग करून आली. "हे पाहा! आली ना? तुमी उगीच भेव घालून राह्यल्या."

संध्याकाळी घरून त्यांनी पुन्हा टाकली. ती आजतागायत आलेली नाही.

बाईंनी आठवडाभर सगळ्यांना शिव्या घातल्या. आधी लाइनवाल्या कंपनीला, मग पावसाला, मग नारळाच्या पाण्याला. शेवटी त्यांनी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. दोन्ही मशिनींना एकच प्रश्न विचारला: आमची मेल कुठं उतरवायची? पुसद म्हणाली नव्या मशीनवर. झरी म्हणाली जुन्या. म्हणजे झरीला विचारून आलेल्या मेल, मेलेल्या मशीनचं दार ठोठावून चारपाच दिवसांनी परत जात होत्या.

आता झरीच्या मशीनमध्ये पुसदहून शिरायचं, तर पासवर्ड बदललेला. तिथले मुख्याध्यापक आत्राम सर. सुरक्षेसाठी पासवर्ड बदला, असं परिपत्रक त्यांना आलं होतं आणि संस्थेत परिपत्रक वाचून तसं करणारा तो एकच माणूस. त्यांनी पासवर्ड बदलला आणि नवा आपल्या खाजगी खात्यावरून ऑफिसला मेलनं कळवला. ती मेल मिळाली नाही. फोनवर विचारलं तर म्हणाले, "फोनवर सांगू नोका असं लिवलं हाय परिपत्रकात."

बाई सकाळच्या एसटीनं निघाल्या. यवतमाळला गाडी बदलली, पांढरकवड्याहून काळीपिवळी पकडली आणि दुपारी तीनला कंबर धरून शाळेत उतरल्या. मशीन कोठीत होती, तांदळाच्या पोत्यांच्या मधोमध. सरांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, तोंड दुसरीकडे करून.

मशीननं दर तासाला एक ओळ लिहून ठेवली होती. दोन वर्षं, न चुकता, एकच तक्रार: पुसदच्या वहीचा क्रमांक माझ्या क्रमांकाहून जुना आहे, म्हणून मी ती घेत नाही.

हा क्रमांक तारखेवरून घालतात. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. वही बदलली की क्रमांक वाढवायचा. झरीची मशीन तेवढा क्रमांकच पाहते. वाढला तर नवी वही घेते, नाही तर जुनीच वाचते. बाईंनी झरीचा क्रमांक पाहिला. तो २०३२नं सुरू होत होता.

"सर, तुमच्याइथं २०३२ साल चालू हाय."

"आमच्याइथं?" आत्राम सर म्हणाले. "आमच्याइथं तर अजून एसटी सुरू नाई झाली."

"हे कोण्या गधड्यानं टाकलं..." असं बाई म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्यांनीच २०२३ लिहिताना घाईत २०३२ लिहिलं होतं. तासाभरात चूक दिसली, त्यांनी ती गुपचूप खोडून दुरुस्त केली, कुणाला सांगितलं नाही. त्या एका तासात झरीनं वही उतरवून घेतली होती. तेव्हापासून पुसदचं प्रत्येक साल तिला शिळं वाटत होतं. मेलचा पत्ता बदलेपर्यंत दोघींचं उत्तर एकच होतं, म्हणून ते कुणाला कळलं नाही.

त्या पोत्यावर बसल्या. सरांनी पाणी आणलं. "काय झालं, मॅडम?"

"काई नाई सर. गधडा सापडला."

दुरुस्ती तीन मिनिटांची. झरीतली जुनी वही पुसली, मशीन पुन्हा चालू केली. तिनं पुसदला नव्यानं विचारलं आणि निमूट २०२५मध्ये आली. आत्राम सर जरा उदास झाले. "म्हंजे आता सगळ्या मेला येतीन?"

"सगळ्या."

"तपासणीच्याबी?"

आल्या. पण पुरस्काराचं पत्र आधीच परत गेलं होतं. मंडळानं दोनदा पाठवलं, उत्तर नाही म्हणून नेरच्या एका संस्थाचालकांना महर्षी करून टाकलं. बबनराव कोट घालूनच ऑफिसात आले आणि ओरडले, "कोणाची चूक हाय हे? कंपनीची ना? लिवा कंपनीले!"

आम्ही सगळे माना डोलवायला तयारच होतो. कोकिळाबाई म्हणाल्या, "माह्यी चूक हाय, साहेब."

संस्थेच्या एकतीस वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. त्यावर काय म्हणायचं असतं हे बबनरावांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितली. बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, हजेरीपट उघडला आणि तसेच बसून राहिले. कोकिळाबाई कागदावर गेली अकरा वर्षं वसतिगृहाच्या मदतनीस स्वयंपाकीण होत्या, जागा तेवढीच मंजूर होती म्हणून. सर्व्हरचा क्रमांक चुकला म्हणून स्वयंपाकिणीला नोटीस कशी द्यायची? आणि दिली, वर ती तपासणीत निघाली, तर?

"राहू द्या," बबनराव म्हणाले आणि कोट काढला.

त्या संध्याकाळी मी बाईंना विचारलं, "कंपनीवर ढकलून मोकळ्या झाल्या असत्या. कायले सांगतलं?"

"तुमाले नाई समजणार, सर," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं थे मशीन दर घंट्याले खरं सांगून राह्यली होती, अन् मी साऱ्या दुनियेले शिव्या देऊन राह्यली होती. लाज वाटली, बस."

नंतर त्यांनी एक जाड रजिस्टर घातलं. वहीत काहीही बदललं, की त्यात लिहून खाली दुसऱ्या कुणाची तरी सही घ्यायची. ती सही सध्या मी करतो. पहिले दोन महिने मी न वाचताच करत होतो. हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी एकदा मुद्दाम चुकीचा आकडा लिहून माझी सही घेतली आणि ते पान स्टाफरूमच्या फळ्यावर लावलं.