तापीच्या मुखापर्यंत

शिडाच्या होडीला इंजिन कशाला, हे मला सुरतेतल्या आमच्या अख्ख्या नवागामनं विचारून झालंय. ओहोटी लागली आणि वारा पडला की कळतं कशाला. तेव्हा शीड म्हणजे दोरीवर वाळत घातलेली चादर, आणि नदी नेईल तिकडं तुम्ही.

ही होडी मी आणि माझ्या मेहुण्यानं मिळून घेतली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एक बोटक्लब बंद पडला, त्यांनी ती काढून टाकली, आम्ही उचलली. मी इच्छापोरला एका कारखान्यात फिटर, तो पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मेंटेनन्सला. आठवडाभर दुसऱ्याची यंत्रं चालू ठेवायची आणि रविवारी आपलं. बायको म्हणते, हौसेला मोल नसतं आणि या दोघांना अक्कल. म्हणू दे. ते दोन सिलिंडरचं म्हातारं डिझेल इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा मी अक्षरशः उड्या मारल्या होत्या, पन्नाशीचा माणूस!

दसऱ्याला होडीची पूजा केली. माझ्या मायनं झेंडूचा लांबलचक हार ओवून दिला होता. इंजिनाला हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला आणि शकुन म्हणून मिनिटभर चालू केलं. मग सोनं वाटत घरी आलो.

पुढच्या रविवारी इंजिनानं रंग दाखवले. चालू व्हायलाच नखरे. झालं तर काळाकुट्ट धूर, आणि जरा रेटलं की धापा टाकायला लागे.

मेहुण्यानं जागेवर निकाल दिला. "जवा दो ने, दाजी, सोडा आता. गेलं हे. पिस्टनच्या रिंगा खलास. नवीनच बसवू."

माझं टाळकं सरकलं. "तुम्हा मिलवाल्यांना एवढंच येतं. बिघडलं की फेका!"

तो मोबाइलवर नव्या इंजिनांचे व्हिडिओ दाखवायला लागला, मी त्याला हँडल दाखवलं. हातानं फिरवलं की आतली हवा दाबून, कम्प्रेशनला येऊन ते असा उलटा झटका मारत होतं की मनगट सांभाळावं लागे. रिंगा मेल्या असत्या तर एवढा जोर कुठून आला असता? ओव्हरहॉल करू, म्हणजे सगळं उघडून झिजलेलं तेवढं बदलू, असं माझं म्हणणं.

"आणि धूर? तो काय खोटं बोलतो?" मेहुणा म्हणाला.

धूर खोटं बोलत नव्हता आणि हँडलही नव्हतं. हेच तर मला छळत होतं. त्यात नवं इंजिन मागवा नाहीतर जुनं उघडा, दोन्हीकडं होळीच उजाडणार होती. आणि मायला दिवाळीच्या आत तापीच्या मुखाशी जायचं होतं.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी आम्ही गावी तापीत सोडल्या. त्यानंतर माय सुरतेला माझ्याकडं आली. होडी घेतल्याचं कळलं त्या दिवशी तिनं एकच मागितलं होतं, तापी समुद्राला कुठं मिळते ते बघायचं, बाबा तिथंच पोचले असणार.

"तापीमाय समुद्रले कथा भेटस, ते मले देखानं शे. तुन्हा बाप तठेच गया व्हई."

"माय, मझार उकाईनं धरन शे," मी चिडवलं. गाव वर, समुद्र खाली आणि मध्ये धरण आडवं.

"मंग? दरवाजा उघाडतस ना त्या?"

मी शब्द दिला. दिवाळीनंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि टेबलावरून आपण उठणार नाही असं तिनं मनाशी घेतलं होतं. डॉक्टर हसले, आम्ही समजावलं, ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा विचारायची, होडी कधी निघणार?

दिवाळी तोंडावर आली तरी आमचं भांडण जुंपलेलंच. एका संध्याकाळी घरात मी ओव्हरहॉल, तो नवीन, असं चाललं होतं. माय शेजारी डाळ निवडत बसली होती. आमचा आवाज चढला तशी ती मध्येच म्हणाली, "मन्हा हार नदीमा सोडा ना रे?" हार नदीत सोडला ना, निर्माल्य पायदळी येऊ नये, एवढीच तिची काळजी.

"सोडला त्यानं," मी म्हणालो.

"मी कुठं?" मेहुणा म्हणाला. "मला वाटलं तुम्ही काढला."

मग हार गेला कुठं? इंजिनाच्या हवेच्या तोंडाला जाळी नव्हती, स्पंज नव्हता, जुन्या मालकानंच काढून टाकलेला. म्हणून तर हवा अडली असेल असं आमच्या डोक्यात आलंच नाही. चाळणीच नाही, तर तुंबणार काय? आणि त्याच तोंडावरून आम्ही हार घातला होता, घालून वर इंजिन चालू केलं होतं!

बाइकवर बसताना मेहुण्यानं चप्पलसुद्धा उलटी घातली. होडीवर पोचलो, टॉर्च लावला, लांब तोंडाचा चिमटा आत घातला. पाकळ्या आल्या, मग दोऱ्यासकट तेलकट काळा गोळाच बाहेर आला. दोरा आत राहायला नको म्हणून नळी सोडवून पाहिली. इंजिनानं अर्धा हार गिळला होता आणि आम्ही त्याला म्हातारपण लावत होतो. हँडल मारलं. धड, धड, धड, आणि स्वच्छ! मेहुण्यानं मला मिठी मारली, मी त्याला मारली, होडी डुलायला लागली.

"मग नवीन नाही घ्यायचं?" तो म्हणाला.

"गप बस," मी म्हणालो, आणि दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

धनत्रयोदशीला सकाळी ओहोटीबरोबर निघालो. मायसाठी प्लॅस्टिकची खुर्ची बांधली होती. तिच्या मांडीवर फडक्यात ती काळी फुलं. डावीकडं डुमस, उजवीकडं हजीऱ्याच्या जेट्ट्या, आणि समोर दोन्ही काठ सरून नुसतं पाणी. मला तर ओरडावंसं वाटत होतं.

"बंद कर," माय म्हणाली.

मेहुण्यानं मान हलवली. पुन्हा नाही लागलं तर? पण मी बंद केलं.

मायनं पाण्यात हात घातला, बोट जिभेला लावलं. "खारं," ती म्हणाली. मग फडकं सोडून फुलं पाण्यावर ठेवली आणि रोजच्या आवाजात, स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी म्हणाली, "आयकतस का? मी उनू."

ऐकता का, मी आले.

फुलं लांब गेली तशी ती खुर्चीत नीट सावरून बसली आणि म्हणाली, "चाल आते. दवाखानामा जावानं शे मले."

मेहुण्यानं हँडल मारलं. पहिल्या झटक्यालाच लागलं. धूर कोणत्या रंगाचा होता ते मला दिसलं नाही, डोळे भरले होते.