सालोमी मावशींच्या चिठ्ठ्या

साकीनाक्याच्या वर्कशॉपमधली माझी नोकरी गेली, तेव्हा मी घरी सांगितलंच नाही. सव्वीस वर्षं सुपरवायझर म्हणून मिरवलेला माणूस, वर मुलुंडच्या आमच्या चर्चचा कारभार बघणारा पंच. कुठल्या तोंडाने सांगणार? रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि भांडुपच्या एका बागेत संध्याकाळपर्यंत बसून राहायचो. कामावर सगळं ठीक ना, असं बायकोने विचारलं की ठीक म्हणायचो. एकट्याने प्रार्थना करायचीही सोडली होती. देवासमोर तरी काय तोंड घेऊन बसायचं, असं वाटायचं.

रविवारच्या उपासनेत विनंत्या वाचायचं काम मात्र माझ्याकडेच होतं. लोक दाराजवळच्या पेटीत चिठ्ठ्या टाकतात, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं लग्न. मी एकेक वाचतो आणि सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात. त्यात सालोमी मावशींची चिठ्ठी ठरलेली. ऐंशीच्या घरातली एकटी बाई, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि मजकूर पानभर. उगाच वेळ जातो म्हणून मी ती न उघडताच बायबलच्या कव्हरात सरकवायचो. मावशींनी कधी विचारलं नाही. असे आठ रविवार गेले.

मे महिन्यात अर्धी मंडळी गावाला गेलेली. पेटीत एकच चिठ्ठी निघाली, मावशींची. आता सुटका नव्हती. चष्मा लावून वाचायला लागलो. शेजारणीचा गुडघा, भाच्याचं पिणं, असं करत करत शेवटी आलं:

"प्रभू, आपला एक भाऊ रोज बागेत एकटाच डबा खातो. दवाखान्यात जाताना मी त्याला बघते. त्याचं काम गेलं असावं. नाव घेत नाही, त्याला लाज वाटेल. तू त्याच्या शेजारी बसला आहेस, एवढं त्याला कळू दे."

मी मान वर करून समोर बघितलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. आमेन म्हणून खाली उतरलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिसऱ्या बाकावर माझी बायको त्या अनोळखी भावासाठी मनापासून पुटपुटत होती, ते मला बघवेना.

"तो भाऊ मीच आहे," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "उद्यापासून डबा भरणार नाही. घरीच जेवा."

त्या दुपारी कव्हरातल्या चिठ्ठ्या काढून वाचल्या. प्रत्येकीत शेवटी मीच होतो. माझ्यासाठी मागितलेली प्रार्थना मीच आठ वेळा दाबून ठेवली होती. मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा मान वर करवत नव्हती.

"तू नाही वाचलीस रे," त्या म्हणाल्या, "त्याने वाचली ना."

काम अजून लागलेलं नाही. पण जे आहे ते त्याच्या हातात सोडलंय आणि बऱ्याच दिवसांनी जिवाला शांतता आहे. आता पेटीतली एकही चिठ्ठी न वाचता ठेवत नाही. गेल्या रविवारी त्यात माझी स्वतःची एक होती. खाली पूर्ण नाव लिहिलं होतं, तेही मोठ्याने वाचलं.