हिराबायची फाटकी जाळी

सव्वा महिना झाला. सकाळी साडेसातला हिराबायच्या सुनेचा फोन आला. "बाय, आई गेली… झोपेतच." मी गॅस बंद केला, दूध झाकलं आणि मग खाली बसले. रिया, अर्णव, तुम्ही तिकडून विचारलंत, "आजी, ती पापलेटवाली का?" हो, तीच. मुरबे गावाहून मासळीची टोपली घेऊन वर्षानुवर्षं बोईसरला माझ्या दारात येणारी. पण मला सांगायची आहे ती वेगळीच हिराबाय, आणि सांगताना राग लपवायचा नाही असं मी ठरवलं आहे.

चिंचणीच्या किनाऱ्यावर दरवर्षी क्रिकेटचे मोठे सामने होतात. प्रेक्षकांच्या बाटल्या, पेले, ताटल्या भरतीबरोबर समुद्रात जातात आणि मासळीऐवजी मुरब्याच्या कोळ्यांच्या जाळ्यांत येतात. मागच्या वर्षी, सामन्यांतला कचरा वेगवेगळा गोळा करू द्या हे सांगायला, हिराबाय मला ओढत संयोजकांच्या बैठकीला घेऊन गेली. अध्यक्ष हसून म्हणाले, "करा की मावशी, आपलंच आहे." मी कचऱ्याच्या डब्यांवर लावायला शिस्तीत मराठी-इंग्रजी पाट्या रंगवल्या. त्या कोणीही वाचल्या नाहीत. हिराबायने घरातली फाटकी जाळी आणली, बोंबील वाळवायचे बांबू रोवून त्यांवर टांगली आणि प्रत्येक जाळ्याच्या तोंडाशी एकेक नमुना बांधला. इथे बाटली, इथे पुठ्ठा, इथे शहाळं. "डब्यात काय हाय ते दिसत नाय, म्हनून मानूस काय पन टाकतो. जाल्यातलं सगल्यांना दिसतं. लाज वाटते."

तीन दिवस ती उन्हात उभी होती. कोणी बाटली टाकली की ती उचलून त्याच्याच हातात द्यायची. "दादा, हे कुठल्या जाल्यात? का तुजी आय येनार हाय उचलायला?" आजूबाजूचे खो खो हसायचे आणि मोठमोठे बाप्ये ओशाळून उठायचे.

शेवटच्या दुपारी जाळी गच्च भरली होती. भंगारवाल्याचा टेम्पो पाचला येणार होता, पण बक्षीस समारंभाचे पाहुणे चारलाच आले. त्यांना कचरा दिसू नये म्हणून अध्यक्षांनी जेसीबी लावून सगळं, जाळ्यांसकट, मागच्या खड्ड्यात लोटलं आणि वर वाळू ओढली. तीन दिवस वेगळा केलेला कचरा दहा मिनिटांत पुन्हा एक झाला. मग स्टेजवरून 'कचरामुक्त सामने' असं जाहीर झालं आणि शाल द्यायला हिराबायचं नाव पुकारलं.

ती खड्ड्यापाशी उभी होती. "मी नाय जानार. त्यांनाच इकडं बोलव, बाय."

आणि मी, तुमची शिकलेली आजी, काय म्हणाले? "हिरा, चारचौघांत तमाशा नको. शाल घे आणि ये."

ती गेली. शाल घेतली. परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "तुज्यासाटी गेली मी."

ती गेल्यावर नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्याच शालीतला तिचा फोटो, आणि त्याच्यापेक्षा मोठे संयोजकांचे फोटो. जन्मभर जिच्या जाळ्यात प्लास्टिक आलं, तिला निरोपही प्लास्टिकचाच! परवा पाहिलं तर दोऱ्या तुटून तो गटारात लोंबत होता. तिचं तोंड चिखलात.

मी घरून कात्री आणून उरलेल्या दोऱ्या कापल्या, फ्लेक्स धुतला, पुसला, घडी घातली. तिचं एकच जाळं वाचलं होतं, सामन्यांच्या दुसऱ्या दिवशी आणखी फाटलं म्हणून मी दुरुस्तीला घरी आणलेलं. इतके दिवस गॅलरीत होतं, तोंडाशी तिने बांधलेली बाटली तशीच. दोन्ही घेऊन मी काल अध्यक्षांच्या कार्यालयात गेले. यंदाच्या सामन्यांची बैठक चालली होती, खोली भरलेली.

"या बाई, या! यंदा मावशींच्या नावाने चषक ठेवतोय आपण."

मी टेबलावर जाळं ठेवलं, शेजारी फ्लेक्स उलगडला.

"हे कुठल्या जाळ्यात?"

"बाई, बसा तरी… चहा घ्या."

मी बसले नाही. पुन्हा विचारलं. मोठ्याने, चारचौघांत.