डावा डोळा मिटून
ड्रॉवर आवरताना पिवळा गोल्फचा चेंडू हाताला लागला आणि ती सकाळ आठवली. निवृत्तीनंतर मी वारज्याहून गोल्फ शिकायला जायचो. लांबचे फटके जमायचे, पण छिद्राजवळून हलकेच ढकललेला चेंडू हमखास बाजूनं निघून जायचा. मी महागडे मऊ चेंडू आणले, मग ठळक दिसणारे पिवळे आणले, काठीची पकडही दोनदा बदलली. त्या दिवशी कापलेल्या गवतावर दव होतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, चेंडू बदलून फक्त दुकानदाराचं भलं होतं. जरा डावा डोळा मिटा." मी मिटला. मैदान, झेंडा, पायाशी असलेला चेंडू, सगळं करड्या धुक्यात गेलं. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. "काहीच नाही," मी म्हणालो आणि माझाच आवाज मला परका वाटला. किती महिने मी एकाच डोळ्यानं स्कूटर चालवत होतो, मागे नातीला बसवून. बाईंनी माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि स्वतःच्या गाडीतून मला थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेला तो गेलाच, डावा मात्र वाचला. अजूनही सकाळी जाग आली की डोळे उघडायला मला क्षणभर भीती वाटते.